ताबा, नोटीस आणि मुदत : एक प्रस्तावना

दारावर नोटीस लागली की बहुतेक माणसं पहिला प्रश्न स्वतःलाच विचारतात : ही जागा आपली आहे कुठे? जमीन सरकारची, नाहीतर रेल्वेची, नाहीतर कुण्या ट्रस्टची. चाळ मालकाची. फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर. ‘आपली नाही’ असं उत्तर आलं की पुढचं सगळं ठरल्यासारखं होतं. सामान बांधायचं, मुलांना गावी धाडायचं, कुणाच्या तरी हातापाया पडून चार दिवस मागून घ्यायचे. घर जायला सुरुवात होते ती जेसीबी येण्याच्या कितीतरी आधी, या उत्तरापाशी.

त्या उत्तराला हरकत घ्यावी म्हणून ही पुस्तिका. मालकी नाही म्हणजे हक्कही नाही, हा समज जेवढा पसरलेला आहे तेवढाच चुकीचा आहे. घराच्या बाबतीत आपला कायदा दोन स्वतंत्र प्रश्न विचारतो. जागा कुणाची, हा पहिला. आणि तिथे राहणाऱ्याला बाहेर काढायचं असेल तर ते कुणी, कोणत्या अधिकाराने, किती दिवसांची सूचना देऊन आणि त्याचं म्हणणं ऐकून घेऊन काढायचं, हा दुसरा. पहिल्यात हरलेला माणूस दुसऱ्यात टिकू शकतो. भाडेकरू, झोपडीत राहणारे, नांदायला आलेली सून, पदपथावर बिऱ्हाड मांडलेलं कुटुंब, यांचे बहुतेक हक्क या दुसऱ्या प्रश्नातून निघालेले आहेत. हे हक्क बहुधा घर देत नाहीत, मुदत देतात. त्या मुदतीत मुलांची परीक्षा उरकते, डिपॉझिटचे पैसे उभे राहतात, कागद गोळा होतात, कोर्टातून स्टे मिळतो. मुदतीची किंमत काय, ते एका रात्रीत रस्त्यावर आलेल्या माणसाला विचारावं.

या हक्कांची कहाणी सांगायची तर मुंबईच्या पदपथावरूनच सुरुवात करावी लागते. १३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केलं की शहरातल्या पदपथांवर राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी किंवा मुंबईबाहेर पाठवण्यात येईल. दिवस ऐन पावसाळ्याचे. दहाच दिवसांनी कारवाई सुरू झाली. पत्रकार ओल्गा टेलिस, नागरी हक्कांसाठी काम करणारी संघटना आणि खुद्द पदपथवासी यांनी याचिका केल्या आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. निकालपत्रात या याचिकाकर्त्यांची माहिती दिली आहे. कायद्याच्या पुस्तकांतून हा निकाल हजार वेळा उद्धृत होतो, पण तो भाग सहसा गाळला जातो. तो वाचण्यासारखा आहे.

त्यातला एक तमिळनाडूतल्या सेलमचा भूमिहीन मजूर. दुष्काळामुळे १९६१ साली मुंबईत आलेला, दिवसाला २३ रुपये मजुरी. पदपथावरच्या प्लास्टिक-ताडपत्रीच्या आडोशासाठी त्याच्याकडून एका झोपडपट्टीदादाने अडीच हजार रुपये उकळले होते. २३ जुलै १९८१ रोजी त्याचा आडोसा पाडला गेला आणि बायको-मुलींसह त्याला सेलमच्या बसमध्ये बसवून देण्यात आलं. बायको-मुली तिकडेच राहिल्या, तो मात्र कामासाठी परत आला आणि पुन्हा पदपथावरच राहू लागला. दुसरा आपल्या, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या संगमनेरचा. गावात चपला शिवून दिवसाला सात-आठ रुपये मिळायचे. गावातलं घर पडलं म्हणून १९६९ मध्ये मुंबई गाठली. बदली कामगार म्हणून महिना ३५० रुपयांची नोकरी लागली. तुळशीवाडीच्या पदपथावर जागा मिळवायला तिथल्या गुंडाला ३०० रुपये द्यावे लागले आणि बांबू व प्लास्टिकला ७०० रुपये पडले. म्हणजे दोन महिन्यांहून अधिक पगार घालवून मिळालं ते रस्त्याकडेचं छप्पर. फुकटात राहतात, असं ज्यांच्याबद्दल सर्रास बोललं जातं त्यांचा हा हिशेब आहे. विलेपार्ल्याजवळच्या कामराज नगरच्या रहिवाशांनीही दाद मागितली होती. तिथल्या झोपड्या १९६० च्या सुमारास उभ्या राहिल्या, त्या पश्चिम द्रुतगती महामार्गालगत पाण्याच्या पाइपा टाकणाऱ्या मजुरांच्या.

सरकारची एक हरकत अशी होती की यांच्यापैकी काहींच्या वकिलांनी उच्च न्यायालयात मान्य केलं होतं, पदपथावर झोपडी बांधण्याचा मूलभूत हक्क आपल्याला नाही. १५ ऑक्टोबर १९८१ पर्यंत जागा सोडतो, अशी हमीही दिली होती. आता शब्द कसा फिरवता? न्यायालयाने ही हरकत मानली नाही. संविधानाने दिलेला मूलभूत हक्क कुणी कबुली देऊन गमावत नसतो, असं ठरवलं. वस्त्यांमधून ‘अमुक तारखेला खाली करतो’ अशा कागदांवर अंगठे आणि सह्या घेतल्या जातात, तेव्हा हा मुद्दा लक्षात ठेवावा. सही झाली म्हणून सगळे दरवाजे बंद होत नाहीत. अर्थात यावरून कुठल्याही कागदावर सही करायला हरकत नाही, असा अर्थ कुणी काढू नये.

१० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. त्यातली मांडणी सरळ आहे. माणूस पदपथावर राहतो कारण पोटापाण्याचं काम तिथून जवळ असतं. तिथून हटवलं की काम जातं, आणि काम गेलं की जगण्याचं साधन जातं. म्हणून संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो, आणि तो हिरावून घ्यायचा तर न्याय्य पद्धतीनेच घेता येईल. मुंबई महापालिका कायद्याचं कलम ३१४ आयुक्तांना सूचना न देता अतिक्रमण हटवण्याची मुभा देतं. न्यायालयाने ते कलम रद्द केलं नाही. पण सूचना न देणं हा अपवाद आहे, एरवी सूचना द्यावी आणि म्हणणं ऐकावं, असा त्याचा अर्थ लावला.

निकालाची दुसरी बाजूही तेवढ्याच ठळकपणे सांगायला हवी. पदपथ अडवण्याचा हक्क कुणालाच नाही, असं न्यायालयाने स्पष्ट म्हटलं. पर्यायी जागा दिल्याशिवाय हटवताच येणार नाही, ही मागणी मान्य केली नाही. १९७६ च्या झोपडपट्टी गणनेची ओळखपत्रं असलेल्यांना सरकारने कबूल केल्याप्रमाणे पर्यायी जागा द्यावी, वीस वर्षांहून जुन्या आणि सुधारणा झालेल्या वस्त्या सार्वजनिक कामाला जमीन लागल्याशिवाय हलवू नयेत आणि हलवल्या तर पर्याय द्यावा, आणि पदपथावरच्या झोपड्या पावसाळा संपून महिना उलटेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत पाडू नयेत, एवढं पदरात पडलं. थोडक्यात, याचिकाकर्ते जागेचा खटला हरले. भारतातल्या प्रत्येक घर जाणाऱ्या माणसाला आज जी नोटीस मागता येते, ती या हरलेल्या लोकांची कमाई आहे.

पुढच्या चाळीस वर्षांत या पायावर बरंच काही उभं राहिलं, आणि जे उभं राहिलं ते प्रत्येकाला सारखं लागू नाही. म्हणून पुस्तिकेची प्रकरणं कायद्यांच्या नावाने न लावता राहणाऱ्याच्या परिस्थितीनुसार लावली आहेत. आपण कोणत्या प्रकरणात बसतो, एवढं वाचकाने आधी ठरवायचं आहे.

झोपडपट्टीतल्या रहिवाशासाठी मुख्य कायदा १९७१ चा, महाराष्ट्र झोपडपट्टी क्षेत्र (सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकास) अधिनियम. घोषित झोपडपट्टीतल्या रहिवाशाला जमीनमालक परस्पर बाहेर काढू शकत नाही, त्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. ‘संरक्षित झोपडीधारक’ ठरलेल्याला व्यापक सार्वजनिक हितासाठी हलवायचं झालं तरी पुनर्वसन द्यावं लागतं. प्रश्न येतो तो संरक्षित कोण, इथे. हे ठरवणारी तारीख राजकारणाच्या रेट्याने पुढे सरकत आली आहे : १९७६, १९८५, १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २०००. त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्या रहिवाशांनाही घर देण्याची सोय झाली, पण ती सशुल्क, अडीच लाख रुपये भरून. या तारखांच्या अल्याड-पल्याड काय होतं ते मुंबईने २००४-०५ च्या हिवाळ्यात पाहिलं. तेव्हाच्या मोहिमेत ऐंशी-नव्वद हजार झोपड्या पडल्याच्या बातम्या होत्या. एकाच गल्लीत, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहणाऱ्या कुटुंबांपैकी एक ‘पात्र’ आणि दुसरं ‘अपात्र’ ठरतं ते गरिबीवरून नव्हे, कागदावरून.

म्हणून कागदांबद्दल थोडं सविस्तर. वस्तीतल्या जवळजवळ प्रत्येक घरात खुंटीला किंवा पत्र्याच्या पेटीत एक पिशवी असते, चेनवाली, कुठल्यातरी साडीच्या दुकानातून आलेली. सल्ला विचारायला आलेली बाई ती पिशवी टेबलावर रिकामी करते, तेव्हा आतून काय काय निघतं! रेशनकार्ड, त्याला वर्षापूर्वी लॅमिनेशन केलेलं. तीन वेगवेगळ्या मीटरची लाइट बिलं. मुलाचा पोलिओ डोसचा कागद, महापालिका शाळेचा दाखला, सासूच्या मृत्यूचा दाखला, भिशीची वही, आणि घडीवर फाटलेली, कुणीतरी झेरॉक्स करून दिलेली जुनी मतदार यादी. यादीत नवऱ्याचं नाव आहे, पण वडिलांच्या नावात चूक. रेशनकार्डावर तिच्या नावापुढे ‘बाई’ आहे, आधारवर नाही. झोपडी क्रमांक एका कागदावर जुना, दुसऱ्यावर नवा. घर विकत घेतल्याचा कागद म्हणजे शंभराच्या स्टॅम्पपेपरवरची नोटरी, आणि लिहून देणारा कधीच गावी निघून गेलेला. परिशिष्ट-२, म्हणजे पात्र-अपात्र रहिवाशांची यादी, तयार करणारा अधिकारी नेमक्या याच फटी पाहतो. आणि नोटीस आल्यावर पुरावा दाखवायला मिळणारा वेळ इतका थोडा असतो की नावातली एक मात्रा दुरुस्त करून घेणंही त्यात बसत नाही. अपात्र ठरवलं तर त्या निर्णयावर अपील आहे, आणि त्यालाही ठरावीक मुदत आहे. ‘अपात्र’ हा शब्द ऐकून घरी जाऊन बसलेले लोक या मुदतीतच आपला हक्क गमावतात.

पुनर्विकासात गेलेल्यांचं दुखणं वेगळं. तिथे घर मोडलं जातं ते नव्या, ३०० चौरस फुटांच्या घराच्या वचनावर. तोवर संक्रमण शिबिर किंवा महिन्याचं भाडं. भाडं थकलं की कुटुंब पुन्हा उघड्यावर. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाने अलीकडच्या वर्षांत विकासकांना आगाऊ भाडं जमा करायला लावणारे नियम केले ते या अनुभवावरूनच. करारनामा हातात आल्याशिवाय खोली सोडू नये, भाड्याच्या प्रत्येक चेकची नोंद ठेवावी आणि थकबाकीची तक्रार लेखी करून पोच घ्यावी, हे त्या प्रकरणाचं सार.

भाडेकरूंचं प्रकरण सर्वांत लांब आहे, कारण तिथे कायदा सर्वांत तपशिलात बोलतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. भाडं भरणाऱ्या आणि भरायला तयार असणाऱ्या भाडेकरूला मालक केवळ आपली इच्छा म्हणून काढू शकत नाही, त्याला कायद्यात दिलेलं कारण कोर्टात सिद्ध करावं लागतं. भाडं थकलं तरी लेखी मागणीनंतर ९० दिवस जाईपर्यंत दावाच लावता येत नाही. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी १५ टक्के सरळ व्याजाने आणि खर्चासह भरली आणि पुढचं भाडं नियमित भरत राहिलं, तर थकबाकीच्या कारणावरून घर खाली करण्याचा हुकूम होत नाही. भाड्याची पावती देणं मालकाला बंधनकारक आहे. भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असण्याची जबाबदारीही मालकाचीच. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, ते खोडून काढण्याचं ओझं मालकावर येतं. आणि नळ बंद करून, वीज तोडून माणसाला कंटाळवून बाहेर घालवणं हा गुन्हा आहे. कोर्टाकडे अर्ज करून पाणी-वीज परत सुरू करून घेता येते.

आजकाल मात्र शहरांतली बहुतेक तरुण कुटुंबं या अर्थाने भाडेकरू नाहीत. अकरा महिन्यांचा ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार हीच त्यांची स्थिती. त्यांना फारसं संरक्षण नाही हे उघडपणे सांगितलेलं बरं. मुदत संपली की मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो, तिथे प्रकरण झटपट चालतं, आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळाचं भाडं दुपटीने द्यावं लागू शकतं. पण त्यालाही पद्धत आहेच. मालकाने बाहेरून कुलूप लावणं, चार माणसं आणून सामान जिन्यात काढणं, हे त्या पद्धतीत बसत नाही. असं बेकायदा बाहेर काढलं तर विशिष्ट अनुतोष अधिनियम १९६३ चं कलम ६ मदतीला येतं : सहा महिन्यांच्या आत दावा केला तर जागा कुणाच्या मालकीची या वादात न शिरता ताबा परत मागता येतो. खासगी व्यक्तीने हुसकावून लावलेल्यांसाठी हे लहानसं कलम फार मोलाचं आहे. सरकारविरुद्ध मात्र ते वापरता येत नाही. सहा महिने उलटून गेले की हा दरवाजाही बंद होतो.

जुन्या, मोडकळीला आलेल्या इमारतींतल्या लोकांना एकच भीती असते : एकदा बाहेर पडलो की परत आत यायला मिळणार नाही. गिरणगावातल्या चाळींत म्हाताऱ्या माणसांनी टेकू लावलेल्या छताखाली पावसाळे काढले ते या भीतीने. इमारत पडली किंवा पालिकेने पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं आहे. बाहेर पडण्याआधी आपल्या खोलीचं मोजमाप पालिकेच्या नोंदीत चढलं आहे ना, हे पाहणं आणि त्याची प्रत घेणं, हा त्यावरचा व्यवहार्य उपाय. जीव आणि खोली यांतून एकाची निवड करायची वेळ कुणावर येऊ नये म्हणून ही माहिती महत्त्वाची.

काही माणसं पालिकेमुळे किंवा बिल्डरमुळे नव्हे, घरच्यांमुळे बेघर होतात. त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ नुसार, ज्या घरात स्त्री नात्याने एकत्र राहिली त्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे, मग घर तिच्या नावावर असो वा नसो. घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी हा हक्क मागता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितलं. दुसऱ्या बाजूला २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने साठीपुढच्या आईवडिलांना प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे जाण्याची वाट दिली आहे. सांभाळण्याच्या अटीवर घर मुलाच्या नावावर केलं आणि मुलाने ती अट मोडली, तर ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. कधी हे दोन कायदे एकाच घरात समोरासमोर येतात, सासू एक घेऊन आणि सून दुसरा. अशा वेळी ज्येष्ठांचा कायदा वापरून सुनेचा निवासाचा हक्क परस्पर पुसता येणार नाही, हेही २०२० मध्येच न्यायालयाने ठरवलं. बक्षीसपत्रात सांभाळण्याची अट शब्दांत लिहून घ्यावी, एवढं एक वाक्य या प्रकरणातून लक्षात राहिलं तरी पुष्कळ झालं.

अलीकडचा सर्वांत चर्चेतला निकाल १३ नोव्हेंबर २०२४ चा, न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांचा. आरोपीचं घर पाडून शिक्षा देण्याच्या प्रथेवर त्यांनी बोट ठेवलं आणि देशभरासाठी नियम घालून दिले. रजिस्टर पोस्टाने नोटीस, तिची प्रत दारावर, उत्तराला किमान १५ दिवस, जिल्हाधिकाऱ्यांना ईमेलने खबर, प्रत्यक्ष सुनावणी, कारणांसह लेखी आदेश, आणि त्या आदेशानंतरही पाडकामाआधी आणखी १५ दिवस. पाडकामाचं चित्रीकरण. नियम मोडून पाडलं तर बांधून देण्याचा खर्च अधिकाऱ्याच्या खिशातून. निकाल मोठा आहे, पण त्याला अपवाद आहेत. न्यायालयाच्या आदेशाने होणारं पाडकाम त्यात येत नाही. आणि रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गाची कडा, नदी किंवा तलाव अशा सार्वजनिक जागेवरच्या अनधिकृत बांधकामांनाही ते नियम लागू नाहीत. संगमनेरहून आलेला तो बदली कामगार आज तुळशीवाडीच्या पदपथावर असता, तर या नव्या निकालाचा त्याला काही उपयोग नव्हता. त्याला १९८५ च्याच निकालाकडे परत जावं लागलं असतं.

ज्यांच्या डोक्यावर प्लास्टिकही उरलेलं नाही, त्यांचं प्रकरण शेवटी येतं. २०११ च्या जनगणनेने देशात सुमारे १७.७ लाख बेघर मोजले, त्यांतले दोन लाखांहून अधिक महाराष्ट्रात. मोजणी एका रात्रीत होते आणि झोपायची जागा रोज बदलते, तेव्हा हा आकडा कमीच धरावा. शहरांत दर लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा, बारमाही आणि चोवीस तास चालणारा निवारा असावा, हा राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने ठरवलेला निकष. आपल्या शहराची लोकसंख्या घ्यावी, भागाकार करावा आणि निवारे मोजायला निघावं. फरक लगेच कळतो. त्यातच महाराष्ट्रात १९५९ चा भिक्षा प्रतिबंध कायदा अजून आहे. उघड उपजीविका नसलेला आणि सार्वजनिक जागी भटकणारा माणूसही त्याच्या व्याख्येत सापडू शकतो, आणि पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं भिक्षेकरीगृहात जाऊ शकतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरत्या या कायद्याच्या मुख्य तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. कायदा जन्मला मुंबईत, सुटका मात्र आधी दिल्लीची झाली.

एवढं सगळं वाचून वाटेल की हे वकिलांचं काम आहे. काही अंशी आहेच. आणि तो वकील फुकट मिळू शकतो, ही या पुस्तिकेतली सर्वांत कमी माहीत असलेली गोष्ट. अनुच्छेद ३९-अ आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने प्रत्येक जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आणि तालुक्याला समिती दिली आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार, पूर किंवा भूकंपासारख्या आपत्तीत सापडलेले, या सर्वांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळू शकतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांची मर्यादा आहे. साध्या कागदावर अर्ज चालतो, लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलं कर्मचारी लिहून घेतात. दूरध्वनी १५१००. घर ज्या बाईच्या नावावर नाही तिनेही हे विसरू नये की मोफत वकिलाचा हक्क तिच्या नावावर आहे. कित्येक घरांत नोटिशीला उत्तर द्यायचं ते पुरुषांनी, अशी पद्धत पडलेली असते. ती या एका कारणासाठी तरी मोडावी.

मोफत वकील सगळेच उत्साही असतात असं नाही. तारखा पडतात, फाइल एका टेबलावरून दुसऱ्यावर जाते. तरीही ज्या घराच्या बाजूने कोर्टात कुणीतरी उभं राहिलं आहे आणि ज्या घराच्या बाजूने कुणीच नाही, या दोन घरांचा शेवट वेगळा होतो. पाडकामाची गाडी शनिवारी सकाळी किंवा कोर्टाच्या सुट्टीच्या तोंडावर येते, त्यामागचं कारण हेच. समोरच्याला मुदतीचं महत्त्व पुरतं कळलेलं असतं, आपल्यालाच नसतं.

नोटिशीबद्दलचा एक गैरसमज मात्र इथेच दूर करायला हवा. ‘आम्ही नोटीस घेतलीच नाही, मग ती लागू कशी होईल?’ असं अनेक वस्त्यांत ठामपणे सांगितलं जातं. नोटीस नाकारली तर ती दारावर चिकटवून पंचनामा होतो, आणि दिवस मोजायला सुरुवात होते. फक्त ते मोजणारा आपण नसतो. नोटीस घ्यावी, मिळाल्याची तारीख आणि वेळ तिच्यावरच लिहावी, मोबाइलवर फोटो काढावा. मग चार गोष्टी शोधाव्यात : कोणत्या कायद्याचं कलम, सही कुणाची, उत्तराची मुदत किती, अपील कुणाकडे. यांतली एखादी सापडत नसेल तर तोच आपला पहिला मुद्दा. उत्तर दोन ओळींचं असलं तरी लेखी द्यावं आणि शिक्क्याची पोच घ्यावी. सुनावणीत बोलायचं राहून गेलेलं नंतर कुठे बोलता येत नाही, आणि लेखी न दिलेलं कुणी ऐकलेलं नसतं.

या पुस्तिकेकडून काय मिळणार नाही तेही सांगतो. तिच्यातून घर मिळणार नाही. ज्या शहरात स्वस्त भाड्याची घरं बांधली जात नाहीत तिथे मुदत संपल्यावर माणसाने जायचं कुठे, याला कायद्याकडे उत्तर नाही. ते धोरणाचं काम आहे, आणि ते मागत राहावं लागेल. कायदेही बदलतात, म्हणून इथली कलमं वाचून स्वतःच खटला चालवायला कुणी निघू नये. वॉर्ड ऑफिसात काम करणाऱ्यांनीही ही पुस्तिका वाचावी अशी इच्छा आहे. पद्धतीने केलेली कारवाई कोर्टात टिकते, आणि न केलेलीची भरपाई आता त्यांच्या पगारातून होऊ शकते.

पहिल्या प्रकरणात कागदांची यादी दिली आहे. नोटीस यायची वाट न पाहता वाचायचं असं हे एकच प्रकरण. घरातली पिशवी या आठवड्यात उघडावी, यादीशी ताडून पाहावी, प्रत्येक कागदाची झेरॉक्स घराबाहेर कुणा विश्वासाच्या माणसाकडे ठेवावी, आणि ज्या कागदावर नाव चुकलं आहे ते आधी दुरुस्त करून घ्यावं. बाकीची प्रकरणं मग लागतील तशी वाचता येतील.